वचन पाठ आहे, पण झोप येत नाही

या महिन्यात आलेली पत्रं आणि व्हॉट्सअॅप मेसेज घेऊन बसले तर बहुतेकांचं गाऱ्हाणं फिरून फिरून एकच, मनाला शांती नाही. कोणाची नोकरी, कोणाचं घर, कोणाचं आणखी काही. सगळ्यांना उत्तर द्यायचं तर अख्खा अंक लागेल, म्हणून पाच निवडलीत. नावं नेहमीप्रमाणे छापलेली नाहीत. पहिलं पत्र मोठं आहे आणि उत्तरही लांबणार आहे, चहा घेऊन बसा.

प्रश्न: बाई, सलाम. मी वडगाव शेरीला राहते. मिस्टरांची खराडीतली नोकरी दिवाळीनंतर गेली, अजून दुसरी मिळालेली नाही, फ्लॅटचा हप्ता चालू आहे, आणि सासूबाई पॅरालिसिस होऊन अंथरुणाला खिळल्यात. ३१ डिसेंबरच्या रात्रीच्या उपासनेत मला वचनाची, म्हणजे बायबलमधल्या ओळीची, चिठ्ठी निघाली, फिलिप्पैकरांस पत्र ४:६, कशाविषयीही चिंताक्रांत होऊ नका. फ्रिजवर लावलीये, रोज वाचते, पाठ झालंय, पण रात्री तीनला जाग येते ती येतेच आणि मग छातीत धडधड. महिला संघात बोलले तर एक बहीण म्हणाली विश्वास कमी पडतोय, उपवास कर. तेव्हापासून चिंता तर आहेच, वर चिंता करते म्हणून अपराधीही वाटतं. काय करू?

उत्तर: सगळ्यात आधी ते ‘विश्वास कमी पडतोय’ डोक्यातून काढून टाका. आपल्या मंडळ्यांमध्ये हे वाक्य इतकं सर्रास तोंडावर मारतात ना, की मला आता ऐकलं की रागच येतो. पाळकीणबाई म्हणून घरोघर भेटी देण्यात माझं आयुष्य गेलंय, आणि रात्रीची जागणारी माणसं मी बघितली ती बहुतेक विश्वासातलीच होती, जबाबदारी अंगावर घेणारी. ज्याला कशाचं काही पडलेलं नाही तो मस्त घोरत असतो.

आता तुमची चिठ्ठी. चिठ्ठीवर एकच वचन असतं, त्याच्या मागचं पुढचं सगळं कापलेलं. बायबल उघडा आणि तो चौथा अध्याय पहिल्यापासून वाचा, मोठ्याने. सुरुवातीलाच दोन बायकांचं भांडण आहे! युवदीया आणि सुंतुखे, दोघी मंडळीत राबणाऱ्या, दोघींचं एकमेकींशी पटत नाहीये, आणि पत्र लिहिणारा पौल चक्क नावं घेऊन विनवणी करतोय की एकचित्त व्हा, वर तिसऱ्या कोणालातरी सांगतोय की बाबा रे, ह्यांना मदत कर. मग येतं ते चिंता करू नका आणि देवाची शांती तुमची अंतःकरणं राखील हे वचन. आणि त्याच अध्यायात पुढे काय आहे, तर पैशाची गोष्ट. फिलिप्पैच्या लोकांनी एपफ्रदीत नावाच्या माणसाच्या हातून पौलाला मदत पाठवली होती, तिची पोच आहे ती, की मिळालं, भरपूर मिळालं, माझ्या संकटात तुम्ही वाटेकरी झालात हे चांगलं केलंत. म्हणजे शांतीचं एवढं मोठं वचन आलंय ते एका भांडणाच्या आणि एका मदतीच्या मध्ये. घरात दार लावून एकटीने शांत होऊन दाखव असं पौल कोणालाच सांगत नाहीये. ते अख्ख्या मंडळीला लिहिलेलं पत्र आहे, आणि ज्या मंडळीने तुम्हाला ते वचन चिठ्ठीवर दिलं तिचंही त्यात काही काम आहे की नाही?

लिहिताना पौल बंदिवासात होता हे तर आपण शब्बाथशाळेपासून ऐकतो. पण हाच पौल करिंथकरांच्या दुसऱ्या पत्रात, ११:२८ बघा, सरळ कबूल करतो की इतर गोष्टी राहू देत, सगळ्या मंडळ्यांची चिंता माझ्यावर रोज असते. चिंता करू नका लिहिणाऱ्यालाच रोज चिंता होती. त्यामुळे तुम्हाला चिंता वाटली की लगेच आज्ञा मोडली, पाप झालं असा हिशोब करू नका. त्या वचनाचा पुढचा अर्धा भाग आहे ना, मागणी देवाला कळवा, तो करायचा असतो, आणि आपण नेमका तोच सोडून देतो कारण पहिला अर्धा भाग स्वतःला बजावण्यातच रात्र जाते.

कळवायचं कसं, तर माझ्या आवडीची एक जागा सांगते. दुसरे राजे, एकोणिसावा अध्याय. अश्शूरच्या राजाकडून हिज्कीया राजाला धमकीचं पत्र आलंय, शहर आता जाणार अशी वेळ. हिज्कीया काय करतो, ते पत्र घेतो, वाचतो, परमेश्वराच्या मंदिरात जातो आणि तिथे ते उलगडून देवापुढे पसरतो. मग प्रार्थना. मला ही कल्पना फारच पटते. तुम्ही बँकेचं स्टेटमेंट, सासूबाईंच्या औषधांची बिलं, मिस्टरांना आलेले नकाराचे ईमेल, जे काही असेल ते डायनिंग टेबलवर पसरा, मिस्टरांना शेजारी बसवा, आणि एकेक कागद वाचून दाखवा देवाला. हा हप्ता, एवढ्या तारखेला, एवढे कमी पडतात. सुंदर शब्दांची गरज नाही. आणि अनुभवाने सांगते, असं वाचताना निम्म्या वेळा नवरा-बायकोलाच पहिल्यांदा नीट कळतं की नेमके किती कमी पडतायत, मग बँकेत जाऊन हप्त्याबद्दल बोलायचं का वगैरे पुढचं सुचतं. भीती आकड्यात मावली की जरा लहान होते.

रात्री तीनला जाग आली की फोन हातात घेऊ नका. स्तोत्र १३ उघडा, सहाच वचनं आहेत, आणि ओठातल्या ओठात का होईना पण आवाज काढून वाचा. पहिल्या दोन वचनांत दाविद देवाला चारदा विचारतो, कुठवर, कुठवर. विसरलास का मला? हे देवाशी भांडण आहे आणि ते पवित्र शास्त्रात छापलंय, आपल्या उपासनेत वाचतात. त्याचा शेवट गाण्यात होतो. पण ८८वं स्तोत्र काढलंत तर तिथे शेवटपर्यंत उजेड नाही, अंधारातच संपतं. तेही शास्त्रातच आहे, कोणी काढून टाकलं नाही. म्हणजे ज्या रात्री तुम्हाला विश्वासाचं एक वाक्य बोलता येत नाही त्या रात्रीसाठीसुद्धा प्रार्थना लिहून ठेवलेली आहे, ती वाचा आणि पडून राहा.

उपवासाबद्दल. आत्ता नको. पहिले राजे १९ मध्ये एलीया संदेष्ट्याचं बघा, आदल्याच अध्यायात कर्मेलावर एवढा मोठा विजय आणि आता जीव मुठीत धरून पळालाय, एका झुडपाखाली बसून म्हणतोय देवा, पुरे, माझा प्राण घे. देवदूत येतो तो काही उपदेश करत नाही. उशाशी निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाण्याचा चंबू. ऊठ, खा. एलीया खातो, परत झोपतो. देवदूत परत उठवतो, परत खा, कारण वाट तुला झेपणारी नाही. दोन जेवणं आणि दोन झोपा होईपर्यंत देव त्याच्याशी मोठं काही बोलतच नाही. तुम्ही सासूबाईंना भरवून स्वतः संध्याकाळी चार वाजता उभ्याउभ्या पोळी खाता की नाही? मला माहितीये. आधी ते सुधारा.

आणि धडधड होतेय तर डॉक्टरांना दाखवा, ईसीजी, थायरॉइड, रक्त, ते जे सांगतील ते करून घ्या. सगळं नॉर्मल आलं आणि तरी झोप नाही, भूक नाही, तर ससूनला मानसोपचार विभाग आहे, तिथे जायला लाज कसली. बाहेर पडणं जमत नसेल तर सरकारची टेलिमानस म्हणून फोनसेवा आहे, १४४१६, चोवीस तास, फुकट, मराठीत बोलता येतं. मनात जिवाचं बरंवाईट करून घ्यायचा विचार डोकावला तर मात्र सकाळची वाट बघू नका, मिस्टरांना उठवा आणि त्याच वेळी फोन लावा. गोळी घेतली म्हणजे विश्वास सोडला असं म्हणणारे भेटतील. त्यांना सांगा, शुभवर्तमान लिहिणारा लूक वैद्य होता आणि पौल त्याला प्रिय म्हणतो, आणि शिष्य तीमथ्याच्या पोटासाठी तर पौलाने स्वतःच थोडा द्राक्षारस घ्यायला सांगितलाय. (ह्या वचनाचा आमच्याकडचे काही बंधू भलताच उपयोग करतात, पण तो वेगळा विषय.)

शेवटचं. महिला संघात पुढच्या वेळी नुसती ‘प्रार्थनेत आठवण ठेवा’ म्हणू नका. म्हणा की मला आठवड्यात दोन दुपारी सासूबाईंजवळ बसायला कोणीतरी हवंय, मला झोपायचंय. जिने उपवास सांगितला तिला पहिली दुपार द्या.

प्रश्न: मी २६ वर्षांचा आहे, गाव जालन्याकडे, हिंजवडीत जॉब, वाकडला रूमवर राहतो. रविवारी मित्रांसोबत एका मोठ्या हॉलमधल्या चर्चला जातो, वर्शिप एकदम जबरदस्त, ड्रम, लाइट, रडायला येतं. दोन तास भारी वाटतं. पण सोमवारी हिंजवडीच्या ट्रॅफिकमध्ये परत तेच, डोकं गरम, मन रिकामं. गावचं आमचं चर्च एकदम बोअर होतं, तिथे पण काही वाटायचं नाही. मग पीस नक्की कुठे आहे?

उत्तर: तुला तू म्हणते हं, नातवाच्या वयाचा आहेस. त्या हॉलमध्ये जाऊ नको असं मी सांगणार नाही. गाण्यात रडू आलं तर येऊ दे, स्तोत्रसंहितेच्या शेवटच्या स्तोत्रात, १५०व्यात, कर्णा आहे, डफ आहे, झांजा तर दोन प्रकारच्या आहेत, म्हणजे आवाजाला देवाची ना नाही. अडचण एवढीच आहे की भारी वाटणं म्हणजेच शांती असं तू धरून चाललायस, मग सोमवारी ते ओसरलं की देवही निघून गेला असं वाटतं. तसं नसतं रे. हिंजवडीच्या ट्रॅफिकमध्ये डोकं गरम होणं हा आध्यात्मिक प्रॉब्लेमच नाही, तिथे संतांचंही होईल.

मार्कच्या पहिल्या अध्यायात कफर्णहूमची एक संध्याकाळ आहे, सगळं गाव दाराशी जमलंय, आजारी माणसंच माणसं. आणि दुसऱ्या दिवशी पहाटे, अंधार असतानाच, येशू उठून एकांतात जाऊन प्रार्थना करतो. शिष्य शोधत येतात, सगळे तुम्हाला शोधतायत म्हणतात. मला ह्यात जे दिसतं ते हे, की गर्दीची संध्याकाळ जेवढी खरी तेवढीच ती पहाटही, आणि तुझ्याकडे सध्या फक्त संध्याकाळ आहे.

तर करून बघ. शुभवर्तमानातली आठ-दहा वचनं घे, तीच, आठवडाभर तीच. सकाळी रूममेट उठायच्या आधी सावकाश तीन-चारदा वाच, जिथे अडकशील तिथे थांब, त्यावर जे मनात येईल ते देवाला बोल, मग काही न बोलता थोडा वेळ बस. बेनेडिक्टच्या मठांमधून शेकडो वर्षं असं वाचत आलेत, मी काही शोध लावला नाही. आणि रात्री झोपताना इग्नेशियस लोयोलाने शिकवलेली दिवसाची उजळणी, त्याच्या जेझुइट संघाचे फादर अजून रोज करतात, की आज कशाबद्दल आभार मानावेत, कुठे देवाच्या जवळ होतो, कुठे चिडलो, कुठे कोणाला दुखावलं, उद्या काय. दहा मिनिटांत होतं. पहिले काही दिवस प्रचंड कंटाळा येईल. गावचं चर्च बोअर वाटायचं ना, तसाच. कंटाळा आला म्हणून उठायचं नाही, त्याच्या पलीकडे काहीतरी असतं, ते मी लिहून सांगू शकत नाही.

आणि एखाद्या रविवारी मित्रांना घेऊन गुरुवार पेठेत पंचहौदला ये, पवित्र नाम देवालयात. जुनी दगडी वास्तू आहे, मराठी उपासना. ना. वा. टिळकांचं एखादं भजन लागलं तर बघ, लाइट नाही, ड्रम नाही, पण पेटी आणि तबल्यावर अख्खी मंडळी गाते, आणि गाणारे निम्मे लोक सोमवारी तुझ्यासारखेच कामाला जाणारे असतात.

प्रश्न: नमस्कार. मी ख्रिस्ती नाही. सदाशिव पेठेत राहते, निवृत्त शिक्षिका आहे, मिस्टर गेल्यावर घरात एकटीच असते. माझ्या मोलकरणीने मला मराठी नवा करार दिला, तो रोज रात्री थोडा वाचते आणि खरंच शांत वाटतं, विशेषतः अहो कष्टी व भाराक्रांत जनहो हे वाक्य. पण मुलगा म्हणतो आई, हे लोक तुला बाटवतील. शांती हवी तर धर्म बदलावाच लागतो का? आणि देवघरासमोर बसून हे वाचलं तर चुकीचं का?

उत्तर: वाचा हो, निवांत वाचा. मत्तय ११:२८ आहे ते, आणि त्यात भाराक्रांत कोण, कुठल्या पेठेतला, असं काही विचारलेलं नाही. येशूच्या बोलण्याने तुम्हाला विसावा मिळत असेल तर तो घ्यायला कोणाची परवानगी लागत नाही, माझी तर नाहीच नाही.

मुलावर रागावू नका, त्याची काळजी समजण्यासारखी आहे. पण शांती मिळवण्यासाठी म्हणून धर्म बदला असं कोणी सांगायला आलं तर ते मीही ऐकून घेणार नाही. पंडिता रमाबाईंचंच बघा. दुष्काळात आईवडील गेले, १८८२ मध्ये नवरा गेला, पदरात लहान मुलगी, १८८३ मध्ये इंग्लंडमध्ये बाप्तिस्मा झाला, आणि तरी मनाला खरा विसावा मिळाला तो पुढे कितीतरी वर्षांनी, धर्म मिळाला होता पण ख्रिस्त अजून मिळायचा होता अशा अर्थाचं त्यांनी स्वतःच्या साक्षीत लिहून ठेवलंय. मधल्या काळात त्यांचं शारदासदन, विधवांसाठीची शाळा, १८९० मध्ये पुण्यात आलं होतं, म्हणजे बाहेरून बघणाऱ्याला वाटावं बाईंचं सगळं किती पक्कं आहे. तर शाळेच्या दाखल्यावर धर्माच्या रकान्यात काय लिहिलंय त्यावर शांती अवलंबून नसते एवढं तर नक्की. मी स्वतः ख्रिस्तावर विश्वास ठेवते आणि तो सगळ्यांसाठी आहे असं मानते, हे लपवत नाही. पण त्याच्याकडे कोण कधी किती जवळ येणार हे ठरवणं माझं काम नव्हे आणि तुमच्या मुलाचंही नव्हे.

देवघराचं म्हणाल तर तुमच्या घरात तुम्हाला जिथे बसून बरं वाटतं तिथे बसा. पत्रांपेक्षा आधी मार्क वाचा, सगळ्यात छोटं शुभवर्तमान, सोळाच अध्याय, मग लूक. प्रश्न पडले आणि कोणाशी मोकळं बोलावंसं वाटलं तर तुमच्यापासून जवळच, शनिवार पेठेत, जेझुइट फादरांचं स्नेहसदन आहे. संवादासाठीच ते उभं केलंय. मुलालाही घेऊन जा, म्हणजे त्यालाही दिसेल कोण कोणाला काय करतंय ते. आणि तुमच्या मोलकरणीला माझा सलाम सांगा, मंडळीतल्या मोठमोठ्या समित्यांना जमत नाही ते तिने केलंय.

प्रश्न: वर्षात बायबल पूर्ण वाचायचा प्लॅन अॅपवर घेतलाय. तिसऱ्या पुस्तकापर्यंत, लेवीयपर्यंत, आले आणि मागे पडले, आता लाल रंगात ‘मिस्ड’ दिसतं रोज आणि मूड जातो. काय करावं? (कॅम्प)

उत्तर: नोटिफिकेशन बंद करा. आपल्या बायबलात ११८९ अध्याय आहेत, म्हणजे रोज तीनच्या वर, आणि लेवीयमध्ये अडकणाऱ्या तुम्ही पहिल्या नाही. रोज एक स्तोत्र आणि शुभवर्तमानातला एक उतारा, बास. लेवीय कुठे पळून जात नाही.

प्रश्न: सख्ख्या भावाशी येरवड्याच्या वडिलोपार्जित घराच्या वाटणीवरून बोलणं बंद आहे. मी ज्या मंडळीत आहे तिथेच तोही आहे, दोघं वेगवेगळ्या बाजूला बसतो. प्रभुभोजनाच्या, म्हणजे उपासनेत भाकर आणि द्राक्षारस घ्यायच्या, वेळी मन खातं, मग मी घेतच नाही, बाहेर जाऊन उभा राहतो. भाऊ मात्र घेतो. माझी चूक नाही, कागद माझ्या बाजूने आहेत. मन शांत कसं होणार?

उत्तर: कागद तुमच्या बाजूने असतील, मी नाही म्हणत नाही. पण वेदीचं वचन तुम्हाला पाठ असणार, मत्तय ५:२३-२४, वेदीपाशी अर्पण आणलंस आणि भावाची आठवण झाली तर ते तिथेच ठेव, आधी जाऊन समेट कर. आणि ते नीट वाचलंत तर त्यात तुमच्या मनात भावाविरुद्ध काय आहे असं नाहीये, भावाच्या मनात तुमच्याविरुद्ध काही आहे असं आठवलं तर, असं आहे. चूक कोणाची ते विचारलेलंच नाही. जा म्हटलंय. बाहेर जाऊन उभं राहा असंही म्हटलेलं नाही, तेव्हा ते बाहेर उभं राहणं म्हणजे काही मोठा धर्म झाला असं समजू नका. भाऊ घेतो की नाही हे बघायला तर मुळीच थांबू नका.

आता घराचं. लूकच्या बाराव्या अध्यायात एक माणूस गर्दीतून येशूला म्हणतो, गुरुजी, माझ्या भावाला वतन वाटून द्यायला सांगा. हुबेहूब तुमची केस. आणि येशू साफ नकार देतो, मला तुमचा वाटणी करणारा कोणी नेमलं? प्रत्यक्ष प्रभूने जे काम अंगावर घेतलं नाही ते तुमच्या पाळकसाहेबांवर टाकू नका, ते एका बाजूचे दिसले की मंडळीचेही दोन भाग होतील. वाटणी वकिलाकडे द्या. दोघांना चालेल असा एक वकील मिळाला तर उत्तमच, वाटणीपत्र रीतसर करून दुय्यम निबंधकाकडे नोंदवून घ्या, कोर्टात जावं लागलं तर जा, त्यात पाप नाही.

बोलणं सुरू करायला मात्र निकालाची वाट बघू नका. दोन्ही गोष्टी एकमेकांना बांधल्यात म्हणून तर दोन्ही अडकल्यात. भावाला फोन करा, घराचा विषय काढायचा नाही असं आधीच सांगा, तब्येत विचारा, मुलांचं विचारा आणि ठेवा. तो कदाचित तुसडेपणाने बोलेल, कदाचित उचलणारच नाही. रोमकरांस पत्राच्या १२:१८ मध्ये सगळ्यांबरोबर शांतीने राहा सांगताना पौलाने ‘तुमच्याकडून होईल तितकं’ असं म्हणून ठेवलंय, म्हणजे त्याच्याकडचं त्याच्याकडे. महिन्यातून एकदा करत राहा. आणि पुढच्या प्रभुभोजनाला बाहेर जाऊ नका, आत बसा, फोन केलेला असेल तर घ्या.